बंद खिंडींमागची बेगमी : काश्मीरमधील हिवाळी साठवणीचा इतिहास

काश्मीरच्या खोऱ्यात कडाक्याच्या थंडीचे तीन टप्पे मानले जातात : २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारा चाळीस दिवसांचा चिल्लई कलां, त्यानंतरचा वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि अखेरचा दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. या सत्तर दिवसांत शेतमळ्यात काही पिकत नसे आणि पीर पंजाल रांगेतील खिंडी बर्फाने बुजून जात, त्यामुळे घरात जे भरून ठेवले असेल त्यावरच कुटुंबाला निभावून न्यावे लागे. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात केली जाणारी बेगमी ज्या गरजेतून आली, तशाच गरजेतून ही तजवीजही आली. मात्र तिचा इतिहास पाहताना घराला स्वतःच्या कष्टांवर साठवता येणाऱ्या वस्तू आणि ज्यांच्यासाठी दरबाराकडे व रस्त्याकडे डोळे लावून बसावे लागे अशा वस्तू, असे दोन भाग वेगळे काढावे लागतात.

पहिला भाग प्रामुख्याने स्त्रियांच्या हातचा होता आणि त्यातील जाणकारी विलक्षण बारकाव्याची होती. भाद्रपद-आश्विनाच्या उन्हात घातल्या जाणाऱ्या भाज्यांच्या वाळवणाला ‘होख स्युन’ म्हणतात. त्यासाठी दुधी सोलून, गर काढून त्याच्या लांब पट्ट्या दोरीवर टाकत (‘अल हचि’). वांगी देठाशी जुळलेली ठेवून उभी चिरत, म्हणजे ती देठाकडून दोरीवर अडकवता येत (‘वांगन हचि’). सलगमाच्या चकत्या दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा करत. वाळवलेले मासे, गवताच्या धुरावर भाजलेली मासळी आणि बाळंतिणीला पथ्याचा म्हणून दिला जाणारा ‘हंद’ हा रानपालाही साठवणीत असे. ताजी कंदमुळे अंगणातील खड्ड्यात मातीखाली पुरून ठेवत. लाल मिरची, लसूण किंवा ‘प्राण’ नावाचा छोटा कांदा, जिरे, धणे आदी वाटून केलेली ‘वेर’ ही मसाल्याची वडी तर मुद्दाम मध्यभागी भोक ठेवून वाळवली जाई, कारण ती ओवून टांगून ठेवायची आणि रांधताना हवा तेवढा तुकडा मोडून घ्यायचा असे.

उबेची तयारीही याच काळात होई. लवचीक फांद्यांच्या विणीत बसवलेले मातीचे निखारापात्र म्हणजे कांगडी. तिच्यासाठी शरद ऋतूत गळालेली चिनारची पाने गोळा करून पेटवत आणि ती राख होण्याआधीच पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करून ठेवत.

दुसऱ्या भागाची कहाणी मात्र कष्टाची आणि अन्यायाची आहे. मुख्य अन्न भाताचे. पण जम्मूच्या डोगरा राजघराण्याच्या राजवटीत शेतसारा मोठ्या प्रमाणात ‘शाली’च्या, म्हणजे सालीसकट भाताच्या, रूपाने वसूल केला जाई आणि हे धान्य श्रीनगरातील सरकारी कोठारांत साठवून शहरवासीयांना स्वस्त दराने विकले जाई, त्यामुळे पिकवणाऱ्याच्याच घरात हिवाळ्यासाठी पुरेसे धान्य उरेल याची शाश्वती नसे. १८७७ च्या शरदात अवेळी पावसाने भात शेतातच कुजला आणि १८७९ पर्यंत चाललेल्या दुष्काळात श्रीनगरची वस्ती निम्म्याहून खाली आल्याचा आकडा जमाबंदी आयुक्त वॉल्टर लॉरेन्स याने १८९५ च्या आपल्या ग्रंथात दिला आहे. वाळवण कितीही चोख घातले तरी ते भाताची जागा घेऊ शकत नव्हते, आणि ही उणीव घरातल्या बाईच्या हलगर्जीपणाची नव्हे, तर सारावसुलीच्या पद्धतीची होती. डोगरा महाराजा रणबीर सिंह याच्या काळात, १८७२ मध्ये, हिवाळ्यापुरता दरबार जम्मूला हलवण्याची प्रथा सुरू झाली, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे : ज्यांच्या हाती कोठारांच्या किल्ल्या होत्या ते थंडी टाळू शकत, बाकीच्यांना ती साठवणीवर काढावी लागे.

मीठ तर खोऱ्यात पिकतच नसे. रोजच्या खाऱ्या ‘नून चहा’ला लागणारे हे मीठ पंजाबातून येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रावळपिंडीकडून झेलम खोऱ्यातून गाडीरस्ता झाला, तेव्हा ही वाहतूक सुकर झाली. १९२२ मध्ये बनिहालमार्गे जम्मूचा रस्ता खुला झाला. परंतु १९४७ च्या युद्धाने झेलमचा रस्ता बंद पडला आणि सारा भार २,८३२ मीटर उंचीच्या बनिहाल खिंडीवर आला, जी हिवाळ्यात बर्फाखाली जाई. डिसेंबर १९५६ मध्ये खिंडीखालून जाणारा जवाहर बोगदा सुरू झाल्यावर ही कोंडी बरीचशी फुटली आणि जून २०२५ मध्ये श्रीनगर कटऱ्यामार्गे देशाच्या लोहमार्गांना जोडले गेले. तरीही रामबनच्या परिसरात दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग आजही अधूनमधून अडतो आणि तेवढ्यानेही खोऱ्यातील बाजारभाव चढतात.

होख स्युन आता मुख्यतः चवीसाठी खाल्ले जाते आणि श्रीनगरच्या बाजारात ते विकतही मिळते. कांगडीचा कोळसा मात्र अद्याप गरज म्हणूनच साठवला जातो, कारण नेमक्या चिल्लई कलांमध्ये, विजेची मागणी सर्वाधिक आणि नद्यांचे पाणी आटल्याने जलविद्युत सर्वांत कमी असताना, वीज तासन्‌तास जाते.