तारापूरची वीज आणि जगाचे राजकारण

पालघर-बोईसर मार्गावरील कोळगाव हे आज पालघर जिल्ह्याचे मुख्यालय आहे. तिथून समुद्राच्या दिशेने गेल्यावर किनाऱ्यालगत तारापूर अणुवीज केंद्र लागते. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. मुंबई आणि गुजरातमधील कारखान्यांना विजेची गरज होती, पण कोळशाच्या खाणी या भागापासून फार दूर होत्या. वाफ थंड करायला समुद्राचे पाणी हाताशी होते, म्हणून ही जागा निवडली गेली.

भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रणेते होमी भाभा यांच्या मूळ आराखड्याचा पाया नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्यांचा होता. तरीही अणुवीज लवकर सुरू व्हावी म्हणून तारापूरसाठी अमेरिकी मार्ग स्वीकारला गेला. 1963 मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. या भट्ट्यांत पाणी थेट गाभ्यातच उकळते आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. त्यांना समृद्ध युरेनियम लागते. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम भाग जेमतेम 0.7 टक्के असतो. तो वाढवावा लागतो आणि ती सोय तेव्हा भारताकडे नव्हती. इंधन अमेरिकेने पुरवायचे, असे करारात ठरले होते.

18 मे 1974 रोजी भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि वातावरण बदलले. 1978 मध्ये अमेरिकेने अणुप्रसारबंदीचा कायदा केला. आपल्या सर्व अणुकेंद्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी जो देश मान्य करणार नाही, त्याला इंधन द्यायचे नाही, असा त्याचा रोख होता. भारताने ही अट नाकारली. झालेला करार नंतरच्या कायद्याने मोडता येत नाही, अशी भारताची भूमिका होती. 1980 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी इंधन पाठवण्याची परवानगी दिली, पण त्यावर अमेरिकी संसदेत मोठा वाद झाला. अखेर 1982 मध्ये तोडगा निघाला आणि इंधन देण्याची जबाबदारी फ्रान्सने घेतली. पुढे चीन आणि रशियानेही इंधन पुरवले. एका किनाऱ्यावरच्या दोन भट्ट्या चालू राहाव्यात म्हणून तीन दशकांत चार देशांची दारे ठोठावावी लागली. 2008 मध्ये भारत-अमेरिका अणुकरार झाला, अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली आणि ही कोंडी फुटली.

या अनुभवाने भारताची पुढची वाट पक्की केली. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या, देशातच आखल्या आणि बांधल्या गेल्या. त्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालतात. 2005 आणि 2006 मध्ये त्यांची वीज सुरू झाली.

स्वावलंबनाची किंमत मात्र स्थानिकांनी मोजली. विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. शेती आणि समुद्रावर जगणारी माणसे नव्या वसाहतींत गेली. किनारा सुटल्याने मच्छीमार कुटुंबांचा पिढीजात धंदा हातचा गेला. पुनर्वसन आणि नोकऱ्यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. इंधनाचा निर्णय परदेशी राजधान्यांत झाला आणि जमिनीचा निर्णय मुंबई-दिल्लीत. दोन्ही वेळा किनाऱ्यावरच्या गावांचा शब्द चालला नाही. ऊर्जेचे धोरण ठरवताना या गावांचे म्हणणे सुरुवातीलाच ऐकले जायला हवे, हा तारापूरच्या इतिहासाचा धडा आहे.