मुल्हेरच्या घडापासून दिंडोरीच्या पेल्यापर्यंत

पौषातली सकाळ. बागलाणातल्या सटाण्यात आराम नदीच्या काठी, देवमामलेदारांच्या मंदिरासमोर तुम्ही उभे आहात. गारठ्याने हात खिशातून बाहेर काढवत नाहीत. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघाले आहेत. गाव मागे टाकून तुम्ही एका द्राक्षबागेत शिरता. मांडवाखाली वाकून चालावं लागतं. शेवटच्या प्लॉटातले घड कात्रीने उतरवून क्रेटमध्ये अलगद ठेवले जात आहेत.

बाकी नाशिक जिल्ह्यात अजून कित्येक बागांत मण्यांत पाणी उतरतंय, आणि बागलाणातली बाग रिकामी होत आली आहे. इथली अर्ली छाटणी भर पावसाळ्यात होते. त्यानंतर डाउनी आणि करपा या रोगांशी रात्रंदिवस झुंज. ही जोखीम घ्यायची, कारण सगळ्यांच्या आधी बाजारात आलेल्या मालाला चांगला भाव मिळतो.

एक मणी तोंडात टाका. साल कडकन फुटते आणि गोडवा जिभेवर पसरतो. पण या मण्यापाशी वेळ फार थोडा आहे. वेलीवरून उतरल्या क्षणापासून तो सुकायला लागतो. द्राक्षाची सगळ्यात जुनी अडचण हीच, आणि तिचा माग काढत तुम्हाला आता मागे जायचं आहे.

1596, मुल्हेर

मोसम नदीच्या खोऱ्यातून तुम्ही मुल्हेरचा डोंगर चढू लागता. मागचा डांबरी रस्ता केव्हाच पुसला गेला आहे. हा आता बागुल राजांचा मयूरगिरी आहे. गादीवर नारायणशाह आहेत. त्यांच्या आश्रयाने रुद्रकवी या घराण्याचं संस्कृत महाकाव्य, ‘राष्ट्रौढवंश’, याच वर्षी पुरं करत आहेत. इथल्या टांकसाळीत पडणाऱ्या महमुदी थेट सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या थैल्यांत खुळखुळतात. सुरत बंदरातून दख्खनेत जाणारी वाट याच डोंगरांतून जाते. साल्हेर-मुल्हेर ज्याच्या हाती, वाट त्याच्या हाती.

तिकडे अकबराच्या दरबारात अबुल फजल ‘आइन-इ-अकबरी’ लिहितो आहे. बागलाणचे किल्ले आणि फौज यांच्याबरोबर त्याने इथली फळंही नोंदवली, आणि त्यांत द्राक्षं आणि डाळिंबं दोन्ही आहेत. सटाण्याजवळ आजही ही दोन पिकं शेजारीशेजारी दिसतात. पुढे जहांगीराने आपल्या आठवणींत बागलाणच्या हवापाण्याची आणि आंब्याची स्तुती केली. द्राक्षांबद्दल मात्र त्याचं मत असं की ती भरपूर आहेत, पण उत्तम जातीची नाहीत.

गडावरून खाली बघा. बैलांचा तांडा घाट उतरतो आहे. त्याच्या पाठीवर कापड आहे, धान्य आहे. पिकलेलं द्राक्ष त्या गोण्यांत टिकणार नाही, ते इथेच खावं लागतं. आणखी काही वर्षांनी सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहील आणि तिच्या जेवणाच्या मेजावर इराणातल्या शिराझची वाईन असेल. शिराझचं द्राक्ष समुद्र ओलांडून आलं, कारण ते रस होऊन, आंबून, बाटलीत बसून निघालं होतं. फळाला प्रवास घडवायचा तर त्याला आधी वेळ मिळवून द्यावा लागतो.

1870, आरामकाठ

मधली वर्षं तुमच्या डोळ्यांपुढून भराभर सरकतात. 1638 मध्ये औरंगजेब मुल्हेर घेतो. 1672 मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठे मोगलांना उघड्या मैदानात हरवतात. तुम्ही थांबता ते थेट 1870 च्या सुमारास, पुन्हा सटाण्यात. दुष्काळ पडला आहे. मामलेदार यशवंतराव भोसेकरांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला आहे. सकाळी ज्या मंदिरासमोर उभे होतात, ते याच माणसाचं.

नदीकाठाने चालत जा. आराम आणि मोसम नद्यांवर जागोजागी दगडी बंधारे आहेत. त्यांतून निघालेले पाट शेतांना पाणी देतात. ही इथली फड पद्धत. सगळ्या बागायतीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीपाळीने वाटायचं. पाटकरी बारी सोडतो, हवालदार देखरेख करतो, जागल्या राखण करतो. नियम गावाने केले आणि गावानेच पाळले. पाणी मोजून वापरायची ही शिस्त पुढे द्राक्षाच्या कामी येणार आहे. वेलीला पाणी कधी पाजायचं, कधी तोडायचं, यावरच मण्याची गोडी ठरते.

1925 ते 2010

ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड द्राक्षाची लागवड करतात आणि नाशिकच्या आधुनिक द्राक्षशेतीची सुरुवात होते. भोकरी, अनाबेशाही, मग थॉमसन सीडलेस. दर पिढीला वेल बदलत जाते. वर्षातून दोन छाटण्या होतात. उन्हाळ्यात खरड छाटणी काडी तयार करते, पावसाळा ओसरताना गोडी छाटणी फळ आणते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, वेल झोपी जात नाही, म्हणून तिला कात्रीने वळण लावावं लागतं. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षवेली वर्षात दोनदा फळतात असं लिहिलं, ते याच हवामानामुळे.

1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले फेसाळती वाईन बनवून परदेशी पाठवतात. 1997 मध्ये राजीव सामंत नाशिकजवळ सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावतात. 2000 मध्ये त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन येते आणि 2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण. 2010 मध्ये ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळतं.

आज, दिंडोरी

आता गाडीत बसा. सटाण्याहून कळवण, तिथून नांदुरी. डाव्या-उजव्या हाताला सातमाळ्याची शिखरं उभी राहतात आणि सप्तशृंगगड समोर येतो. इथे तुम्ही पाणलोट ओलांडता. मागे पडलेलं पाणी गिरणेतून तापीला जातं, पुढचं कादवेतून गोदावरीला. वणी मागे पडली की दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा लागतात.

वायनरीत तोडणी सुरू झाली आहे. घड पहाटेच्या थंडीत उतरवतात, म्हणजे रस तापत नाही. मणी लहान, जाड सालीचे, बियांचे. खायच्या द्राक्षासाठी मणी फुगवायचा असतो. वाईनसाठी माल कमी धरायचा, म्हणजे थोड्या घडांत चव गोळा होते. देठ वेगळे होतात, मणी फुटतात, रस स्टीलच्या टाक्यांत जातो. तिथे यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. पांढऱ्या वाईनला टाकी थंड ठेवतात, नाहीतर सुगंध उडून जातो. लालला सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो.

तुमच्यासमोर पेला येतो. घाई करू नका. आधी उजेडात रंग बघा. पेला गोल फिरवा आणि नाक आत घाला. सोव्हिन्यों ब्लांमध्ये पेरू आहे, कापलेलं गवत आहे, हिरव्या मिरचीचा पुसटसा वास आहे. छोटा घोट घेऊन तो जिभेवर फिरवा. आंबटपणा लगेच कळतो. मग काबर्ने सोव्हिन्यों: जांभळासारखा गर्द रंग, हिरड्यांना धरून ठेवणारा तुरटपणा. शेजारच्या भांड्यात घोट टाकून दिला तर कुणाला वावगं वाटत नाही, चाखण्याची तीच रीत आहे. गाडी चालवणाऱ्याने मात्र नुसता वास घेण्यावर थांबावं.

या घोटात गेल्या वर्षीचा, कदाचित त्याच्याही आधीचा पाऊस आहे. मुल्हेरच्या घाटात ज्या फळाला चार दिवस मिळत नव्हते, त्याला आता वर्षं मिळाली आहेत.

म्हणूनच मला वाटतं, नाशिकच्या वाईन-सहलींची सुरुवात बागलाणातून व्हायला हवी. वेलीची चार शतकांपूर्वीची नोंद इथली, पाण्याची शिस्त इथली, अवकाळीची सगळ्यात मोठी जोखीम घेणारा शेतकरीही इथला. खायची द्राक्षं वाईनला चालत नाहीत. त्यासाठी वेगळी जात लावावी लागते, वायनरीशी करार करावा लागतो, पहिल्या पिकाची वाट बघावी लागते. पण जात बदलणं या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला नवं नाही. जहांगीराला न आवडलेल्या द्राक्षापासून परदेशी जाणाऱ्या घडापर्यंत बागलाण आलंच आहे. बाटलीवर बागलाणचं नाव यावं, ती मोसमच्या काठी चाखायला मिळावी आणि तिचा दाम त्याच काठच्या घरात जावा, एवढं पुढच्या पिढीला मिळालं पाहिजे.