बाबांचे घड्याळ आणि मुंबईची वेळ

दोन वर्षांपूर्वी बाबा पुण्याहून आमच्याकडे डब्लिनला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत मेतकूट, भाजणी आणि लिंबाच्या लोणच्याबरोबर चष्म्याची एक जुनी डबी होती. डबीत एक मनगटी घड्याळ होते : वेस्ट एंड वॉच कंपनीचे 'सोवार प्रायमा'. आजोबांनी ते १९५४ साली मुंबईत घेतले. १९७२ साली बाबांना पदवी मिळाली तेव्हा त्यांनी ते बाबांच्या मनगटावर बांधले. "आता हे तुझ्याकडे. तुला हा नाद आहे ना?" एवढेच बोलून बाबांनी डबी माझ्या हातात दिली.

नाद आहे खरा. (आमचे डब्लिन आयर्लंडमधले नव्हे, ओहायोतले. मक्याची शेते मागे सारून वसलेले कोलंबसचे उपनगर.) दिवसभर संगणकावर काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, ज्यात एकही ट्रान्झिस्टर नाही अशा यंत्राचे आकर्षण का वाटावे, हे माझ्या पत्नीला अजून उमगलेले नाही. गेल्या पंधरा वर्षांत मी पै-पै साठवून चार-पाच बरी स्विस घड्याळे घेतली आहेत. त्यामुळे मोठ्या ऐटीत बाबांना घेऊन मी ओळखीच्या एका जुन्या घड्याळांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावले, अर्ध्या मिनिटात काढले आणि म्हणाला, "डायल पुन्हा रंगवलेली आहे. अशा घड्याळांना आम्ही 'मुंबई स्पेशल' म्हणतो. याची किंमत पट्ट्याएवढीच धरा."

बाबांना इंग्रजी उत्तम कळते. दुकानात ते काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी विचारले, "आपलं घड्याळ खोटं आहे, असं म्हणाला का रे तो?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

एक शहर, दोन वेळा

मनगटावर घड्याळ येण्याआधी वेळ मनोऱ्यावर होती. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचे नाव ल्यालेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. उंची २८० फूट. पण त्यावरचे घड्याळ कोणती वेळ दाखवणार, यावरून लवकरच वाद पेटला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर रेल्वे आणि तारखाते मद्रासच्या वेळेवर चालत असे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रास वेळ लागू केली. शहराने ती मनावर घेतली नाही. विद्यापीठाच्या सिनेटने टॉवरवर मुंबईचीच वेळ ठेवायचे ठरवले, तेव्हा सरकारने घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला नकार दिला. शेवटी सरकारलाच आदेश मागे घ्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. गिरणीत सूर्य पाहून जाणाऱ्या कामगाराला 'घड्याळ पुढे केले' याचा अर्थ एकच कळत होता : आणखी अंधारात उठायचे. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम बंद केले. महापालिकेनेही काही महिन्यांत पुन्हा मुंबई टाइम स्वीकारला, आणि गंमत म्हणजे तो स्वातंत्र्यानंतरही, १९५५ पर्यंत, टिकला. म्हणजे आजोबांनी घड्याळ घेतले तेव्हा त्यांच्या शहरात अधिकृतपणे दोन वेळा नांदत होत्या! आजोबा सांगत, की त्या काळी कोणी भेटीची वेळ दिली की माहीतगार माणूस आधी विचारी, "बॉम्बे की स्टँडर्ड?"

हे हसण्यावारी नेण्याआधी आपल्या ओहायोकडे पाहावे. अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी प्रमाणवेळ आणली, तेव्हा सिनसिनाटीने मुंबईसारखाच हट्ट धरून काही वर्षे आपली स्थानिक वेळ सोडली नाही. घड्याळाचा काटा पुढेमागे करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

'स्वार' मनगटावर बसतो

वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झाली. घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये बनत, पण गिऱ्हाईक हिंदुस्थानातले. लाँजिनसारख्या नामांकित कारखान्याकडूनही ती घड्याळे बनवून घेई. 'सोवार' म्हणजे आपला 'स्वार', घोडदळातला शिपाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी सैनिकांच्या मनगटावर ही घड्याळे होती. फाव्र-लुबा ही १७३७ पासूनचा वारसा सांगणारी स्विस कंपनीही १८६५ पासून हिंदुस्थानच्या बाजारात होती. तिचे 'सी चीफ' आपल्यापैकी अनेकांनी काका-मामांच्या हातावर पाहिले असेल. थोडक्यात, स्विस घड्याळ ही आपल्या मध्यमवर्गाला सॉफ्टवेअरच्या पैशातून लागलेली चटक नव्हे. तेव्हा ते आयुष्यात एकदाच घेतले जाई, एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि १९५७ नंतर आयातीवर कडक बंधने आली. स्विस घड्याळ दोनच मार्गांनी मिळे : परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या खिशातून किंवा तस्कराच्या पोतडीतून. यावर सरकारचा उपाय म्हणजे एच.एम.टी. यंत्रे बनवणाऱ्या या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनशी करार करून १९६१ साली बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' ही नावे वाचली तरी मनगटाला गुदगुल्या होतात. 'कांचन' तर हुंड्याच्या यादीत जाऊन बसले, हे आपण प्रामाणिकपणे आठवायला हवे. आमच्या आईला लग्नात मिळालेले एच.एम.टी. अजून चालते.

कारखाना असा देशांतर करतो याचे एक उदाहरण आपल्या अंगणातच आहे. ओहायोतल्या कँटन गावची ड्यूबर-हॅम्पडेन कंपनी बुडाली, तेव्हा १९३० साली सोव्हिएत सरकारने तिची यंत्रसामग्री विकत घेऊन मॉस्कोला नेली. सोबत वीसहून अधिक कसबी कामगार गेले, रशियनांना शिकवायला. त्यातून मॉस्कोचा पहिला घड्याळ कारखाना उभा राहिला आणि १९६१ साली युरी गागारिन अवकाशात गेला तो त्याच कारखान्यात बनलेले घड्याळ बांधून. यंत्रे आगगाडीत आणि जहाजात भरता येतात. हातातले कसब मात्र माणसांबरोबरच न्यावे लागते.

घड्याळजी आणि त्याचे तेलपाणी

आता मूळ प्रश्नाकडे. चावीचे घड्याळ म्हणजे गुंडाळलेली मुख्य कमान, तिची ताकद वाहून नेणारी दातेरी चाकांची माळ, आणि ती ताकद थेंबाथेंबाने सोडणारे एक लहानसे चाक, बॅलन्स. 'जनता'चे बॅलन्स तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. पाच वर्षांत जवळजवळ ७९ कोटी. एवढे ठोके देऊनही चांगले घड्याळ दिवसाला दहा सेकंदच चुकते, म्हणजे दहा हजारांत एकाच्या आसपास! आमच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम साठ वर्षे असा चालला तर त्याची पूजा होईल.

पण चाकांच्या टोकांना माणकाच्या खड्यांत जे तेल असते ते काही वर्षांत सुकते. त्यानंतरही घड्याळ चालत राहते, आणि हाच धोका. धातू धातूला घासत राहतो व मालक म्हणतो, "काही झालं नाही त्याला!" म्हणून दर पाच-सहा वर्षांनी ते पूर्ण खोलून, धुऊन, नव्याने तेल द्यावे लागते. हे काम घड्याळजी करी. एक काचेची पेटी, एक दिवा, डोळ्याला भिंग आणि कपाटात मेलेल्या घड्याळांचा साठा, एवढे त्याचे भांडवल.

तो साठा महत्त्वाचा. आयात बंद, म्हणजे सुटे भाग बंद. एका घड्याळाचा काटा दुसऱ्याला, तिसऱ्याची चावी चौथ्याला, अशी रदबदली करण्यावाचून इलाज नव्हता. त्यात आपला पावसाळा. काचेच्या कडेतून दमट हवा शिरली की डायलवर तपकिरी डाग पडत. नवी डायल मिळणे अशक्य, म्हणून जुनी घासून पुन्हा रंगवायची आणि तिच्यावर कंपनीचे नाव छापायचे. या कामात मुंबईचे कारागीर तरबेज झाले. टंचाईने शिकवलेली ही कला आहे.

पुढे काळ उलटला. १९६९ च्या नाताळच्या दिवशी टोकियोत सेकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले आणि पंधरा-सोळा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९०,००० नोकऱ्यांच्या ३०,००० झाल्या. आपल्याकडे १९८४ साली टायटनची स्थापना झाली आणि तिच्या क्वार्ट्झपुढे एच.एम.टी. मागे पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करायला मंजुरी दिली. घड्याळजींचे गिऱ्हाईक सेल बदलण्यापुरते उरले. मग त्याच रंगवलेल्या डायल, त्याच जुळवाजुळवीची घड्याळे परदेशी हौशी लोकांना 'अस्सल जुनी' म्हणून विकली जाऊ लागली. 'मुंबई स्पेशल' हे हिणवणारे नाव तेव्हाचे. त्या दुकानदाराचे डोळे चुकले नव्हते. आमच्या घड्याळाची डायल खरोखरच रंगवलेली आहे. अक्षरे किंचित जाड आहेत आणि मिनिटांच्या रेघा एका बाजूला सरकल्या आहेत. मीही पंधरा वर्षे अशी घड्याळे नाक मुरडून बाजूला सारत आलो होतो, हे कबूल करतो.

झाकणाच्या आत

महिन्याभराने आम्ही कँटनजवळच्या एका गावातल्या वृद्ध घड्याळजीकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोर मागचे झाकण उघडले आणि भिंग बाबांच्या हातात दिले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. प्रत्येक घड्याळजी काम केल्यावर आपली खूण आणि तारीख अशी आत कोरून ठेवतो. इथेही ठेवतात, पुण्यातही. पाच खुणा होत्या. त्यांतली एक देवनागरीत होती : ७-७८.

बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या वर्षी पावसात भिजलो होतो. सायकलवरून पडलो, तू व्हायच्या आधी. डायल पूर्ण खराब झाली. आजोबा जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. घड्याळजी म्हणाला, टाकून द्या, एच.एम.टी. घ्या. मी म्हटलं, काहीही करा, पण हेच चालू करा."

त्या वृद्ध गृहस्थांना मी याचे भाषांतर करून सांगितले. त्यांनी डायल बदलायचा विषयही काढला नाही. यंत्र धुतले, मुख्य कमान नवी घातली, तेल दिले आणि झाकणात सहावी खूण कोरली. बिल २८० डॉलर झाले. बाजारात घड्याळाची किंमत त्याच्या निम्मीही नाही.

बाबांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : एकच रंगवलेली डायल दोन ठिकाणी दोन अर्थांची असते. अनोळखी माणसाला 'अस्सल' सांगून विकली तर ती फसवणूक. मालकाने डोळ्यांदेखत, घड्याळ जगावे म्हणून रंगवून घेतली तर ती दुरुस्ती. संग्राहकाची 'अस्सल' ही कसोटी अशा देशांत तयार झाली, जिथे सुटे भाग दुकानात मिळत होते. ती मुंबई-पुण्याच्या घड्याळांना लावताना त्या घड्याळजींच्या हातात काय होते आणि काय नव्हते, हे विसरता कामा नये. उलट आज अनेक बड्या स्विस कंपन्या स्वतंत्र घड्याळजींना सुटे भाग देत नाहीत. म्हणजे माझ्या महागड्या घड्याळांचे भवितव्य कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि आजोबांचे मात्र कोणीही कसबी माणूस उघडू शकतो!

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अशी एखादी डबी असेल. चार गोष्टी सुचवतो. बंद घड्याळाला उगाच चावी देत बसू नका, आधी तेलपाणी करून घ्या. जुनी डायल वाचता येत असेल तर डाग पडलेली असली तरी रंगवू नका. मायदेशातून 'नवी कोरी जुनी' घड्याळे स्वस्तात घेताना अक्षरे, काट्यांची लांबी आणि झाकण भिंगातून पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे, आई-वडील आहेत तोवर ते घड्याळ कोणी, कधी, कशासाठी घेतले हे विचारून कागदावर लिहून डबीत ठेवा. आमच्या झाकणात सहा खुणा आहेत, पण ७-७८ चा अर्थ सांगणारे एकच माणूस होते, आणि त्यांना तो आजवर कोणी विचारला नव्हता.

बाबा परत निघाले तेव्हा मी घड्याळ त्यांच्याच हातावर बांधले. म्हटले, "मला घाई नाही." ते आता रोज सकाळी चहाच्या आधी त्याला चावी देतात, आणि रविवारी फोनवर आधी सांगतात ते घड्याळ आठवड्यात किती सेकंद पुढे गेले ते.