मुष्टियुद्धातील उत्तेजक द्रव्ये आणि शिक्षेतील विषमता

व्यावसायिक मुष्टियुद्धाला जागतिक पातळीवर एकच नियामक संस्था नाही. अमेरिकेत परवाना व शिक्षा या बाबी राज्यांच्या क्रीडा आयोगांकडे असल्याने राज्यपरत्वे शिक्षा भिन्न असणे समजण्यासारखे आहे. परंतु एकट्या नेवाडा आयोगाचे दोन निर्णय तपासले असता विषमता तेथेही आढळते.

सप्टेंबर २०१२ च्या लढतीच्या वेळी हुलिओ सेसार चावेझ (कनिष्ठ) याच्या नमुन्यात गांजाचा अंश सापडला. २०१३ मध्ये त्यास नऊ महिन्यांचे निलंबन व नऊ लाख डॉलर दंड झाला. दंड पुढे घटविण्यात आला. हा त्याचा दुसरा अपराध होता, हेही नमूद केले पाहिजे. फेब्रुवारी २०१८ मध्ये साउल आल्वारेझ याच्या नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल आढळले. त्याने दूषित मांसाचे कारण दिले. सहकार्यामुळे निलंबन सहा महिन्यांवर आले व ते नमुन्याच्या दिनांकापासून मोजले गेले. परिणामी गोलोव्किनशी ५ मे रोजी ठरलेली लढत १५ सप्टेंबर रोजी झाली. शिक्षेचे प्रत्यक्ष फलित म्हणजे केवळ चार महिन्यांचा विलंब!

२०२१ मध्ये याच आयोगाने गांजासाठी शिक्षा करणे थांबविले. शरीरबळ वाढविणाऱ्या द्रव्यापेक्षा गांजाला अधिक शिक्षा देणारी ही व्यवस्था कोणाचे रक्षण करीत होती, हा प्रश्न त्यामुळे अधिकच गंभीर ठरतो.