जोर्व्याची कुऱ्हाड आणि १.७८ टक्के कथील

नाशिकला गोदाकाठी जुनी मातीची गढी आहे. १९५०-५१ साली हसमुख सांकळिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी तेथे उत्खनन केले, त्याच मोहिमेत संगमनेरजवळच्या प्रवराकाठच्या जोर्वे गावीही. आम्हां नाशिककरांना गढीचे अप्रूप. मला मात्र या जोडीतले जोर्वे अधिक खुणावते. कारण तेथल्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी.

त्यांतल्या एकीचे रासायनिक पृथक्करण झाले, तेव्हा तांब्यात १.७८ टक्के कथील निघाले. शंभर तोळ्यांत दोन तोळेही नाही!

तरी तेवढ्यानेही फरक पडतो. शुद्ध तांबे मऊ असते. घाव बसला की त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि धार वळते. कथिलाचा अणू तांब्याच्या अणूहून मोठा. तो रांगेत शिरला की भोवतालची मांडणी ताणली जाते आणि थरांचे सरकणे अडते. असा धातू थंड असतानाच ठोकला तर तो आणखी कठीण होतो.

मग जोर्व्याच्या कारागिराने कथील जाणून घातले होते का? चांगल्या कांशात ते दहा टक्क्यांच्या आसपास असते, आणि महाराष्ट्राच्या भूमीत कथील सापडत नाही. ते दुरूनच यायचे. एवढ्या महाग वस्तूची चिमूट कोण टाकील? माझा कौल असा : जुन्या कांस्यवस्तूंची मोड ताज्या तांब्यात वितळवली गेली असावी. अर्थात हे अनुमान आहे. एका कुऱ्हाडीवरून अख्ख्या संस्कृतीचे धातुज्ञान ठरवू नये.

याच प्रवरेच्या काठी, खाली श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद आहे. १९७४ साली तेथे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार शिल्पे योगायोगाने हाती लागली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक. त्यांच्या धातूत सोमल, म्हणजे आर्सेनिक, एक टक्क्याहून जास्त आढळला. सोमलही तांब्याला कठीण करतो. परंतु दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, म्हणून डी. पी. अग्रवाल यांनी शिल्पांच्या प्राचीनतेवरच शंका घेतली. म. न. देशपांडे, सा. अ. साळी आदींनी ती उत्तर-हडप्पा काळातलीच मानली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात, तर त्या रथासमोर थोडे थांबा. हा वाद अजून मिटलेला नाही.