खोदलेला घुमट, ताणलेली जाळी

बिंदुपथ, म्हणजे एकच अट पाळणाऱ्या सगळ्या बिंदूंचा संच, शिकवायचा तर फळा अपुरा पडतो. आमच्या जुन्नरात मी मुलांना तुळजा लेण्यांत नेत असे. इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचं तिथलं चैत्यगृह गोल आहे. साधे अष्टकोनी 12 खांब मधल्या स्तूपाभोवती वर्तुळात उभे आहेत, वर घुमट. खांब एका उभ्या अक्षापासून सारख्या अंतरावर, घुमटाचे बिंदू एका केंद्रापासून. स्तूप आता तुटलेला आहे, पण केंद्र कुठे असणार ते डोळ्यांना अजूनही कळतं. हे दगडात उतरवणाऱ्या पाथरवटाला चुकीला मुभा नव्हती. जास्त निघालेला कातळ परत चिकटत नाही.

तिकडे जुन्नर तालुक्यातल्याच खोडदला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून 1990 च्या दशकात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. प्रत्येकीचा पृष्ठभाग म्हणजे एका बिंदूपासून आणि एका प्रतलापासून समान अंतरावर असलेल्या बिंदूंचा पथ. तो बिंदू म्हणजे नाभी, तबकडीच्या तळापासून साधारण साडेअठरा मीटर वर; ते काल्पनिक प्रतल तेवढंच खाली. म्हणून अक्षाला समांतर आलेल्या लहरी कुठेही आदळोत, नाभीशी एकाच वेळी पोचतात. गंमत म्हणजे खरा वक्र पत्रा तिथे नाहीच! दोरखंडांवर ताणलेली बारीक तारांची जाळी, सपाट तुकड्यातुकड्यांची. रेडिओलहरी लांब असल्याने तेवढं चालतं, आणि खर्चही वाचतो.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन असतं. बारावीच्या मुलांना न्या, आणि नाभी कुठे ते त्यांनाच दाखवू द्या.