कचेरी बंद असेल तर

बेळ्ळंदूरला राहणाऱ्या मराठी माणसाचा दावा बहुधा बेळ्ळंदूरला नसतो. घर येथे, नोकरी आउटर रिंग रोडवरील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत, आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा तंटा मात्र सांगली नाहीतर साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात. फार काय, खुद्द बेळ्ळंदूर तलावाचे प्रकरणही येथे चालले नाही. आगरा आणि बेळ्ळंदूर या दोन तलावांमधील बांधकामांविरुद्ध नागरिकांच्या संस्थांनी २०१४ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तो दिल्लीच्या प्रधान पीठापुढे. तेथेही सुरुवातीलाच प्रश्न उपस्थित झाला, की हा अर्ज मुदतीत आहे काय? २०१० च्या कायद्यानुसार अशा अर्जाला सहा महिने मिळतात, पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस. त्यापुढे न्यायाधिकरणाचेच हात बांधलेले. ७ मे २०१५ च्या निकालात या मुद्द्याची सविस्तर चर्चा आहे, आणि अर्ज मुदतीत ठरला. (तलावांभोवती ७५ मीटर जागा मोकळी ठेवण्याचा जो दंडक न्यायाधिकरणाने पुढे घातला, तो सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी रद्द केला, तो विषय वेगळा.)

सांगायचे एवढेच की न्यायाच्या दारात पोहोचण्यापूर्वी दिनदर्शिकेच्या दारातून जावे लागते. दार दूर असेल तर ही अडचण दुपटीने वाढते. ई-फायलिंगचे खरे महत्त्व येथे आहे. कागद वाचतो, जागा वाचते, हे फायदे आहेतच; पण परगावी राहणाऱ्या पक्षकाराला मध्यरात्रीपर्यंत उघडे राहणारे दार मिळाले, ही त्यातली मोठी गोष्ट. प्रश्न असा, की हे दार शेवटच्या दिवशी उघडलेच नाही तर?

‘दाखल’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ आत शिरलेला. कागद कचेरीच्या आत शिरला, कारकुनाने शिक्का मारला, आवक क्रमांक पडला, की तो दाखल झाला. गंमत अशी, की २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १३ व्या कलमानेही हाच अर्थ धरला आहे. विद्युत दस्तऐवज नेमून दिलेल्या संगणकात ज्या क्षणी शिरतो, तो त्याच्या पोहोचण्याचा क्षण. शिक्क्याची जागा सर्व्हरच्या घड्याळाने घेतली, कल्पना तीच राहिली.

जुन्या कायद्याने मात्र दुसऱ्या बाजूचाही विचार केला होता. कागद घेऊन आलेल्या माणसाला दार बंद आढळले तर काय करायचे, याचे उत्तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या १० व्या कलमात आहे: अखेरच्या दिवशी कचेरी बंद असेल, तर ती पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत केले असे समजावे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे ४ थे कलम दावे, अपिले आणि अर्ज यांना हेच तत्त्व लावते, आणि त्याचे स्पष्टीकरण तर विलक्षण उदार आहे. न्यायालय नेहमीच्या कामकाजाच्या वेळेत त्या दिवशी थोडा वेळ जरी बंद राहिले, तरी तो दिवस बंदच धरावा! शिरस्तेदार दुपारी तासभर जागेवर नव्हता म्हणून कोणाची जमीन जाऊ नये, असा त्यामागचा साधा हिशेब असावा. प्रशासनाच्या इतिहासात सरकारने स्वतःच्या गैरसोयीचा भार स्वतः उचलल्याची उदाहरणे थोडी आहेत. हे त्यांपैकी एक.

आता नव्या दाराकडे येऊ. अमेरिकेत ओहायोच्या उत्तर जिल्ह्यातील संघीय न्यायालयाने १९९६ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यांच्या ढिगाऱ्याला कंटाळून संगणकावर कागद स्वीकारण्यास सुरुवात केली. सिंगापूरने २००० साली ही पद्धत सक्तीची केली. आपल्याकडे २००४ अखेर सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जी. सी. भरुका हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. म्हणजे या कामाचा एक धागा बेंगळुरूच्या त्या लाल इमारतीपर्यंत जातो, जिला येथील लोक ‘अट्टारा कचेरी’ म्हणतात. मराठी वाचकाला या नावाचा अर्थ सांगण्याची गरज नाही. २ ऑक्टोबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयात ई-फायलिंग सुरू झाले. २००७ पासून ई-कोर्ट प्रकल्पाचे टप्पे आले. सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्याची तरतूद ७,२१० कोटी रुपयांची आहे.

दाराच्या बांधकामावर खर्च झाला. दाराचा कायदा मात्र मागे राहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६ वे कलम सरकारी कार्यालयात विद्युत स्वरूपात कागद दाखल करण्यास मान्यता देते, आणि ९ वे कलम लगेच बजावते की त्यामुळे तसा आग्रह धरण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही. २००० साली ही सावधगिरी रास्त होती, कारण बहुतेक कचेऱ्यांत संगणक नव्हते.

मग २०२० साल उजाडले. २३ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून आदेश दिला, की १५ मार्चपासून देशभरातील सर्व मुदती पुढील आदेशापर्यंत वाढवल्या आहेत. वकील आणि पक्षकार यांना कागद दाखल करण्यासाठी प्रत्यक्ष यावे लागू नये, हा हेतू. १० जानेवारी २०२२ च्या अखेरच्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला गेला. त्या काळात ई-फायलिंग चालू होते, हे ध्यानात घ्यावे. तरीही न्यायालयाने दार बंद आहे असेच मानले.

त्याच २०२० मध्ये ई-समितीने उच्च न्यायालयांसाठी ई-फायलिंगचे आदर्श नियम तयार केले, आणि अनेक उच्च न्यायालयांनी पुढे याच धर्तीवर आपापले नियम केले. नियम एकंदरीत चांगले आहेत. चोवीस तास सोय आहे, स्थानिक भाषेतील मजकूर युनिकोडमध्ये असावा हेही सांगितले आहे. पण त्यात एक तरतूद अशी आहे की पोर्टल बंद पडल्यास पक्षकाराने कामकाजाच्या वेळेत न्यायालयातील ई-फायलिंगच्या खिडकीवर जावे किंवा कागद प्रत्यक्ष दाखल करावेत; पोर्टल बंद होते या कारणास्तव मुदतीतून सूट मिळणार नाही. साताऱ्यातल्या वकिलाला हे जमेल. बेळ्ळंदूरहून रात्री नऊ वाजता कागद चढवू पाहणाऱ्या पक्षकाराला खिडकी कोठून मिळणार?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक जुने सूत्र आठवते: जोखीम त्याने सोसावी, जो ती कमीत कमी खर्चात टाळू शकतो. सर्व्हर सांभाळणे पक्षकाराच्या हातात नाही. अमेरिकेच्या दिवाणी नियमांत कचेरी ‘पोहोचण्याजोगी नसेल’ तर मुदत आपोआप पुढे जाते, आणि २००९ च्या दुरुस्तीसोबतच्या टिपणीत ई-फायलिंग बंद पडणे हेही त्याचे कारण ठरू शकते असे म्हटले आहे.

आपल्याकडे हा धडा कर-प्रशासनाने महागात शिकला. जुन्या करांचे शिल्लक श्रेय पुढे ओढण्यासाठी जीएसटीमध्ये ट्रॅन-१ हा नमुना पोर्टलवर भरायचा होता. वाढवलेली मुदत २७ डिसेंबर २०१७. पोर्टलने साथ न दिल्याने असंख्य व्यापारी बाहेर राहिले आणि देशभरातील उच्च न्यायालयांत अर्जांची रीघ लागली. अखेर २२ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोर्टल दोन महिने पुन्हा उघडण्याचा आदेश दिला. ते प्रत्यक्षात १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ या काळात उघडले. बंद पोर्टल म्हणजे बंद कचेरी, एवढे व्यवहारात मान्य व्हायला जवळजवळ पाच वर्षे गेली.

माझ्या मते नवा कायदा करण्याची गरज नाही. मुदतीच्या कायद्यातील ४ थ्या कलमाच्या स्पष्टीकरणात एक वाक्य वाढवले, की काम भागेल. नियम कायद्याच्या वर नसतो, असा युक्तिवाद आजही करता येईल; पण तो करण्यासाठी पक्षकाराला पुन्हा वकील आणि पुन्हा तारीख. तोवर परगावच्या वाचकांनी दोन दिवस हातचे राखावेत आणि पोर्टलने दाखवलेल्या चुकीच्या संदेशाचे वेळेसह चित्र जपून ठेवावे. अपील असेल तर ५ व्या कलमाखाली विलंब माफ होण्याची आशा असते. मूळ दाव्याला मात्र ते कलम लागूच होत नाही. उसन्या दिलेल्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत आणावा लागतो. शेवटच्या रात्री पोर्टल बंद पडले, तर त्या दाव्याला मुख्य आधार ४ थ्या कलमाचाच, आणि त्यात ‘न्यायालय बंद असणे’ एवढेच लिहिलेले आहे.